फोकसच्या नावाखाली स्कूटर सोडली आणि तोच धडा आम्हाला शिकवताय?

नारायणपेठी
काल इथे एकाने लिहिलंय की बजाजने २००९ साली स्कूटर बंद करायची ठरवलं हा ब्रँड स्ट्रॅटेजीचा आदर्श नमुना आहे आणि पुण्यातल्या छोट्या धंदेवाल्यांनीही तेच करावं, एक माल धरावा, बाकीचे बिनधास्त बंद करावेत. रात्री दोनदा वाचलं, झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

बजाजची चेतक स्कूटर १९७२ पासूनची. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, लग्नाच्या बोलाचालीत चेतक असायची. १९८९ मध्ये टीव्हीवर 'हमारा बजाज' आलं तेव्हा आमच्या वाड्यातली पोरं ते दिवसभर म्हणत फिरायची. एवढं कमावलेलं नाव कोणी आपण होऊन मोडीत काढतं का? २००१ मध्ये होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली, पुढे काही वर्षं तिने हिरोच्या स्प्लेंडर मोटारसायकललासुद्धा खपात मागे टाकलं, म्हणजे स्कूटरला गिऱ्हाईक होतं, फक्त ते दुसऱ्याच्या दारात गेलं. निर्णयाचं वाईट वाटलं हे कंपनीचे खुद्द अध्यक्ष राहुल बजाज तेव्हा जाहीरपणे बोलले होते. आणि २०२० च्या जानेवारीत इलेक्ट्रिक स्कूटर विकायला काढली तर नाव काय दिलं? चेतकच! मग मधली दहा वर्षं काय मिळवलंत?

कर्वेनगर_एमबीए
ती पोस्ट माझीच. तुम्ही निकाल लागल्यावर पेपर सोडवताय. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गिअरची स्कूटर संपत आली होती, लोक मायलेजसाठी हिरो होंडा घेत होते. बजाज म्हणजे स्कूटर हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मोटारसायकल घेणारा पोरगा तिकडे वळेना. २००१ ला बजाजची पल्सर मोटारसायकल आली आणि कंपनी वाचली. नंतर केटीएम या ऑस्ट्रियाच्या मोटारसायकल कंपनीत हिस्सा, एवढी मोठी निर्यात, हे सगळं पैसा आणि इंजिनिअर एका जागी लावल्याने झालं. नफा बघा, वाड्यातल्या आठवणी नका सांगू.

हडपसर_रिक्षा
एका जागी लावले म्हणता, मग रिक्षा कुठे सोडली त्यांनी? पुण्यात कुठल्याही स्टँडवर जाऊन बघा बजाजच दिसेल. एकच माल धरला ही गोष्टच खरी नाही.

कर्वेनगर_एमबीए
रिक्षाचं गिऱ्हाईक वेगळं, तिथे टक्कर वेगळी. पण ठीक आहे, 'एकच माल' हा शब्द मी चुकीचा वापरला.

सातारारोड
नारायणपेठी, त्या रांगेला ब्रँड म्हणू नका हो. ते लायसन्स राज होतं, किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, मग रांग लागणारच. परकीय चलनात पैसे भरले की गाडी लवकर मिळायची आणि आपण बसायचो वाट बघत. दुसरं काही मिळतच नव्हतं म्हणून घेतलं याला प्रेम म्हणत नाहीत.

नारायणपेठी
मग रांग संपल्यावरही ती गाडी पंधरा-पंधरा वर्षं का वापरली लोकांनी? गॅस सिलिंडर, दोन पोरं, बायको, भाजीची पिशवी, सगळं त्यावर. तुम्हाला प्रेम दिसत नसेल तर माझा नाइलाज आहे.

कोथरूडची_मीरा
तुम्ही सगळे पुरुष चेतकवर भांडताय, पण ती गाडी तिरकी करून किक मारायला लागायची आणि क्लच दाबून मनगटात गिअर फिरवायचा, साडीवर ते करून दाखवा. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, गिअर नाही, बटण दाबलं की चालू, आणि पुण्यातल्या बायका रस्त्यावर आल्या. मी नोकरीला लागले त्या वर्षी एका शोरूममध्ये गेले होते, पैसे माझे, पण तिथला माणूस शेवटपर्यंत बाबांशीच बोलत राहिला. गाडी न घेता आम्ही परत आलो, अजून राग येतो.

बजाजनेही गिअर नसलेल्या गाड्या काढल्या की! सनी, स्पिरिट, सफायर, वेव्ह, क्रिस्टल. दर खेपेला नवं नाव आणि काही वर्षांत बंद. एक नाव धरून सुधारत राहायचं हेच झालं नाही. याला फोकस म्हणायचं का, हे एमबीए साहेबांनी सांगावं.

कर्वेनगर_एमबीए
मीराताई, हा मुद्दा मला खोडता येत नाहीये. तरी माल कमी ठेवावा हे तत्त्व चुकीचं ठरत नाही.

नारायणपेठी
तत्त्व! याच तत्त्वाने माझं घर जाळलंय. आईचा भाजणी-मसाल्यांचा धंदा, तीस वर्षांचा. २०१८ मध्ये एका सल्लागाराने सांगितलं की थालीपीठाची भाजणी सगळ्यात जास्त खपते, तीच ठेवा, पॅकेट चकचकीत करा, भाव वाढवा. मेतकूट, कुळथाचं पीठ, उपवासाची भाजणी सगळं बंद केलं. मेतकूट न्यायला येणाऱ्या आजी जाताना भाजणी आणि गोडा मसाला न्यायच्या. मेतकूट नाही म्हटल्यावर त्या यायच्याच थांबल्या आणि वर्षभरात भाजणीचा खपही निम्म्यावर आला. आई अजून मला काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

कर्वेनगर_एमबीए
वाईट झालं, पण ती सल्लागाराची चूक. एका वाईट डॉक्टरमुळे औषध खोटं ठरत नाही.

नारायणपेठी
तुम्ही लोक दर वेळी हेच म्हणता! यश आलं की तत्त्वाचं, बुडालं की आमचं. कधी गल्ल्यावर बसलात का?

भुसारवाला_रविवारपेठ
दोघंही आवाज खाली घ्या. मी गल्ल्यावर बसतो, बावीस वर्षं. माझ्याकडे चाळीस प्रकारची पिठं होती, पावसाळ्यात निम्म्यांना जाळी धरायची, पैसे अडकायचे ते वेगळेच. कमी करून चौदा ठेवली आणि सुटलो, म्हणजे एमबीएंचं म्हणणं मी करून बघितलंय.

पण कुठली चौदा हे खपावर ठरवलं नाही. नाचणीचं पीठ माझ्याकडे महिन्याला जेमतेम आठ-दहा किलो जायचं, खपाच्या यादीत शेवटून तिसरं. काढणारच होतो. मग बघितलं की ते नेणाऱ्याच्या बिलात कायम सात-आठ जिनसा असतात, घरात लहान मूल असतं, महिन्याचा सगळा किराणा आपल्याकडून. ते ठेवलं. उलट मक्याचं पीठ खपायचं बरं, पण लोक तेवढंच घेऊन जायचे, मार्जिन नाही, ते काढलं. नारायणपेठी, तुमचं मेतकूट म्हणजे माझी नाचणी.

कोथरूडची_मीरा
मग बायकांची स्कूटर पण तीच होती. बाईने एक गाडी घेतली की पुढे मुलीची, सुनेची पण त्याच दुकानातून येते.

कर्वेनगर_एमबीए
बिलाचं पटलं, माझ्या पोस्टमध्ये ते यायला हवं होतं. चेतकचं अजूनही पटलेलं नाही. पल्सर नसती तर २०२० मध्ये परत यायला कंपनी उरली नसती.

नारायणपेठी
पल्सर चांगली गाडी आहे, तेवढं मानतो. त्यासाठी स्कूटर मारायला हवी होती हे नाही मानणार.

भुसारवाले काका, बिलांचा हिशोब कसा ठेवलात? आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, आई वहीत लिहिते.

भुसारवाला_रविवारपेठ
वहीच बरी. दोन महिने, रोज. डावीकडे एक जिन्नस, उजवीकडे त्याच्याबरोबर काय काय गेलं ते. आईंना सांगा, त्यांच्या निम्मं डोक्यातच असेल. आणि मेतकूट आत्ताच सुरू करा, वही भरायची वाट बघू नका.