भाऊ म्हणतोय कैलास काटकर दहावीनंतरच रिपेअरिंगला लागले, मग मला कॉलेज कशाला?

अशोकचौकवाला
नमस्कार मंडळी, घरातला विषय आहे पण कुणाला विचारावं कळेना म्हणून इथं टाकतोय. धाकटा भाऊ, वय 20, बारावीनंतर कॉलेज सोडलं आणि दोन वर्षं नव्या पेठेत एका दुकानात लॅपटॉप-प्रिंटर रिपेअरिंग करायलाय. हात चांगलाय त्याचा, बोर्डवरचा शॉर्ट सापडेना की शेजारच्या दुकानातले पण त्यालाच हाक मारतात. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, आता गुडघ्यामुळं घरीच असतात, घर माझ्या पगारावर चालतं. गेल्या महिन्यात त्यानं क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीच्या कैलास काटकरांची मुलाखत बघितली आणि तेव्हापासून एकच धोशा, ते पण रिपेअरिंगवालेच होते, मी दुकान सोडतो, सॉफ्टवेअर कंपनी काढतो, तू दोन लाख कर्ज काढून दे. आई म्हणते दे. मला त्याचं मन मोडायचं नाही, पण त्या माणसाचं नेमकं काय काय झालं होतं ते कुणाला नीट माहीत असेल तर सांगा की.

जुना_हार्डवेअरवाला
दादा, मी 1996 पासून सोलापुरात याच धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, वाढले पुण्यात. दहावीनंतर रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, पगार महिना 400 रुपये. तिथं त्यांनी काही वर्षं काढली, मग 1990 ला 15,000 रुपये घालून स्वतःचं कॅल्क्युलेटर रिपेअरिंग काढलं आणि 1993 ला कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस, म्हणजे कॉम्प्युटरचं मेंटेनन्स. सॉफ्टवेअरचा अजून पत्ताच नाही बघा.

आता अँटिव्हायरस कुठनं आला ते समजून घ्या, तिथंच सगळी मेख आहे. तेव्हा व्हायरस फ्लॉपीतनं, म्हणजे डेटा न्यायच्या त्या पातळ चकतीतनं यायचे. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये विसरून राहिली आणि मशीन चालू केलं की बूट सेक्टरमधला, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या भागातला व्हायरस आधी मेमरीत बसायचा, मग हार्ड डिस्कवर. मायकेलअँजेलो म्हणून एक होता, तो वर्षभर गप पडून राहायचा आणि 6 मार्चला मशीन चालू केलं की डिस्कची सुरुवातच पुसून टाकायचा, डेटा गेलाच. आम्ही काय करायचो, डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमची स्वच्छ फ्लॉपी घ्यायची, तिच्या कोपऱ्यातली ती छोटी खिटी सरकवून राइट प्रोटेक्ट करायची, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जात नाही, तिच्यावरनं मशीन चालू करायचं आणि मग साफसफाई. तेच गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी परत तीच तक्रार घेऊन दारात. काटकरांच्या दुकानात पण हेच चाललेलं. फरक एवढाच की धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी या मायकेलअँजेलोवरच आधी टूल लिहिलं, आणि त्यातनं पुढं 1995 ला डॉसवर चालणारं क्विक हील आलं.

आणि संजय कॉम्प्युटरला गेले कुणामुळं? कैलासरावांमुळंच. त्यांनीच आग्रह करून भावाला त्या शाखेला घातलं, फी भरली. त्यामुळं 'शिक्षण लागत नाही' असं त्या माणसाच्या गोष्टीतनं निघतच नाही, उलट निघतं. तुमच्या भावानं मुलाखतीतला एकच भाऊ बघितला, दुसरा राहिला.

हुतात्मानं_पुण्याला
वरच्या काकांनी बरोबर सांगितलंय, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पुढचं थोडं घालतो. 1995 ला प्रॉडक्ट आलं म्हणून लगेच पैसा आला असं नाही, 1999 च्या सुमारास तर बंद करायच्या विचारापर्यंत गेले होते. तगले कशामुळं, तर माझ्या मते विक्री कॉम्प्युटरच्या दुकानदारांच्या हातात दिली म्हणून. जो माणूस तुमचं मशीन उघडून बसलाय तोच सांगतो हे टाका, आणि त्याच्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास असतोच. शिवाय वर्ष संपलं की रिन्यूअल, म्हणजे एकदा जोडलेलं गिऱ्हाईक परत पैसे देतं. 2007 ला नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, 2010 ला सिक्वोया या गुंतवणूक कंपनीनं 60 कोटी घातले, फेब्रुवारी 2016 ला 321 रुपये भावानं आयपीओ आला, म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढले. बाहेरचा मोठा पैसा कधी आला बघा, 1990 पासून मोजलं तर वीस वर्षांनी, तोवर धंद्यातलाच पैसा धंद्यात. आणि लिस्टिंगच्या पहिल्याच दिवशी शेअर चांगलाच आपटला होता, तरी कंपनी चालूच राहिली. हे भावाला आवर्जून सांगा, कारण मुलाखतीत हे भरभर निघून जातं.

शेळगीची_ताई
दादा कर्ज काढू नका. माझ्या भावाला आम्ही असंच काढून दिलं होतं, अजून हप्ते फेडतोय आणि दोघं नीट बोलत पण नाही. नोकरी सोडायची काय घाई आहे पण, संध्याकाळचा क्लास लावा किंवा मुक्त विद्यापीठातनं डिग्रीला घाला, कोडिंग जमतंय का नाही ते सहा महिन्यांत त्याचं त्यालाच कळेल.

जुना_हार्डवेअरवाला
ताईंशी सहमत. अजून एक, त्याला विचारा की दुकानात कुठली तक्रार सारखी सारखी येते? नुसतं 'हँग होतंय' नको, कोण आलं, काय अडलं, किती दिवसांनी परत आलं, सगळं. आमच्या धंद्यात काउंटरवर बसून जे कळतं ते इंजिनिअरला एसीत बसून कळत नाही हो, ते पोराकडं आहे, वाया घालवू देऊ नका.

अशोकचौकवाला
काका, दादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना त्याला हे सगळं वाचून दाखवलं. संजय काटकरांचं ऐकल्यावर गप बसला बराच वेळ, मग म्हणाला डिग्रीचं बघतो, पण दुकान सोडणार नाही. कर्जाचा विषय त्यानंच बाजूला ठेवला. तक्रारीचं विचारलं तर पटकन म्हणाला बिलिंगचं, विंडोज नवीन टाकलं की दुकानदारांचा जुना डेटा उघडतच नाही, आठवड्याला तीन-चार जण तरी येतात, काही जण तर रडकुंडीला आलेले असतात. लिहून ठेवतोस का म्हटलं तर म्हणे सगळं डोक्यात आहे. आज येताना दोनशे पानी वही आणलीय त्याच्यासाठी, पहिल्या पानावर तारीख मीच घालून दिली.