घोटा सारखा मुरगळतोय: ब्रेस घालावा की व्यायामाने भागेल?

ब्लॉकवाली: व्हॉलीबॉल खेळते, जागा नेटजवळ मधली. उजवा घोटा परत आतल्या बाजूला वळला. फ्रॅक्चर नाही, सूज उतरली, चालताना दुखत नाही. फिजिओने तोल सांभाळायचे व्यायाम दिलेत. संघातल्या मुली म्हणतात, ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, घातला की पायाला सवय लागते आणि घोटा अजून लुळा पडतो. खरं आहे का? आणि मोज्यासारखा घट्ट अँकलेट पुरेल का?

जुना सेटर: सवय लागण्याचं भूत प्रत्येक मैदानावर असतं. खेळापुरता ब्रेस घातल्याने स्नायू कमजोर होत नाहीत. उलट एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त, आणि ब्रेसचा फायदा अशाच घोट्याला सगळ्यात जास्त होतो.

मोज्यासारखा अँकलेट मात्र विसर. तो ऊब देतो, पाय वळायचा थांबवत नाही. लेस आणि आडवेतिडवे पट्टे असलेला, किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला घे. टेपही चालते, पण घामाने आणि उड्यांनी अर्ध्या तासात सैल पडते.

आता व्यायाम. घोट्याच्या बाहेरचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा, ताणलं गेलं की पाय नेमका कुठे आहे ही खबर मेंदूला नीट पोचत नाही. म्हणून एका पायावर उभी राहा. जमलं की डोळे मिटून, मग मऊ उशीवर, मग कुणाला तरी बॉल टाकायला सांग. शेवटचं सोडू नकोस, कारण सामन्यात तुझं लक्ष बॉलवर असतं, पायावर नाही. रबरी बँड अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकल. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायूच पाय आत वळताना आवरतात. एका पायावर टाचा उचलणंही कर. कंटाळवाणं आहे, तरी कर.

शिवाय तू ब्लॉक करतेस, नेटवर उडी मारून समोरचा फटका अडवतेस, म्हणजे नेटखाली समोरच्या स्पायकरच्या, फटका मारणारीच्या, पायावर पाय पडणार. सरळ वर उडी मारून तिथेच दोन्ही पायांवर उतरायची सवय लाव. पुढे वाहत जाऊ नकोस. एकवेळ ब्लॉक हुकला तरी चालेल.

पळणारा: मी ब्रेस घालत नाही, फक्त व्यायाम. काही अडलं नाही.

जुना सेटर: तुम्ही सरळ पळता. तुमच्या पायाखाली दुसऱ्याचा बूट येत नाही.

ब्लॉकवाली: मग ब्रेस कधी काढू?

जुना सेटर: दुखापतीनंतरचं पहिलं वर्ष धोक्याचं. तेवढा काळ तरी सराव आणि सामन्यात घाल, घरी वावरताना नको. तोलाचे व्यायाम ब्रेस काढून कर. ब्रेस सुटल्यावरही ते चालू ठेव.

फिजिओताई: एक भर. पुढच्या वेळी मुरगळला आणि लगेचही आणि तपासणीच्या वेळीही ४ पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला अथवा टोकाला दाबल्यावर दुखलं, तर एक्सरे काढून घ्या. करंगळीच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर हाड दुखलं तरी तेच. ‘चालवून बघू’ म्हणत खेळू नका.

ब्लॉकवाली: शेवटचं. ब्रेस मोज्याच्या आत की वर?

जुना सेटर: वर. नुसत्या कातडीवर घासून फोड येतात. आणि बूट घ्यायला जाशील तेव्हा ब्रेस घालूनच माप दे.