जेवताना मोबाइल, तासभर भरवणं: आधी कोणता नियम लावू?

केतकी_ठाणे
मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी सात. मोबाइल लावल्याशिवाय मुलगा तोंड उघडत नाही, घास गालात धरून बसतो, जेवण तासभर चालतं. दिवसात तीन कप दूध, अकराला बिस्किटं, सहाला फरसाण, साडेआठला जेवण. मुलीला भाजी नको, नुसता वरणभात. आजोबांचा दंडक: पानात टाकायचं नाही. डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे. सुरुवात कुठून करू?

रानमेवा
मोबाइलच्या आधी वेळा बांधा. भूकच नसेल तर कुठलाच नियम टिकत नाही. तीन कप म्हणजे 600-700 मिली दूध. या वयाला दिवसाला 400 ते 500 मिली पुरे. त्यापुढे पोट दुधानेच भरतं, आणि दुधात लोह अगदी नगण्य असल्याने रक्त कमी होण्याचा धोका वाढतो.

साधारण असं बसवा: 8 ला नाश्ता, 12 ला जेवण, 4 ला मधलं खाणं, 7.30 ला रात्रीचं जेवण. मध्ये फक्त पाणी. फरसाण द्यायचंच तर चारच्या खाण्यात, वाटीत काढून. डबा हाताशी नको. साडेआठपर्यंत मूल पेंगुळतं, मग चावायचाही कंटाळा करतं.

आणि भूक कमी झाली म्हणून घाबरू नका. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दोन वर्षांनंतर वर्षाला जेमतेम दोन किलो वाढतं. खाणंही त्याच मानाने उतरतं.

पाटपाणी
मोबाइल बंद करायचा तर सगळ्यांचा. बाबांचा फोन आणि आजीची मालिकासुद्धा. नाहीतर दोन दिवसांत नियम मोडतो. आधी एकच जेवण निवडा, घाई नसलेलं. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. आठवडाभराने दुसरं जेवण.

पडद्याकडे बघताना पोट भरल्याचं मुलाला कळतच नाही, गालात घास राहतो तोही त्यामुळेच. चमचा त्याच्याच हातात द्या. सांडेल, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा. पंचवीस-तीस मिनिटं झाली की न रागावता ताट उचला.

केतकी_ठाणे
सासूबाई म्हणतात, उपाशी झोपला तर? आणि भाजीचं काय?

पाटपाणी
पहिले तीन-चार दिवस कमी खाईल, ते धरूनच चाला. "जेवला नाही ना, मग बिस्किट घे" इथेच सगळं फसतं, कारण मूल त्या बिस्किटाची वाट बघायला शिकतं. झोपताना दूध देत असाल तर रोज द्या, एकच कप, जेवला काय नि न जेवला काय. तो कप दिवसाच्या हिशोबात धरा. काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. किती, हे मुलाने.

सुगरण_मिरज
आजोबांचा नियम ठेवा, फक्त वाढणं बदला. साडेतीन वर्षांच्या मुलाला अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, तीन-चार चमचे वरण, काकडीची एक फोड. हवं तर मागून घेईल. मोठ्यांच्या मापाने वाढून "संपव" म्हटलं की पोट भरल्यावरही खायची सवय लागते.

मुलीला भाजी चमचाभरच वाढा, आवडीच्या वरणभाताशेजारी. खा म्हणू नका, खाल्ली तर कौतुकाचा गाजावाजाही नको. तीच भाजी दहा-पंधरा वेळा पानात यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळेला सोडून देतात. मेथी पराठ्यात लपवा खुशाल, पण मेथीची परतून केलेली भाजीही दिसू द्या. तिखट घालण्याआधी मुलांची भाजी बाजूला काढा. वरणभातावर लिंबू पिळा, डाळीतलं लोह अंगी लागतं.

"भाजी संपव, मग शिरा" हे मात्र बंद. त्याने भाजी शिक्षा ठरते. आपल्या पानात गोड पहिल्यापासूनच वाढायची पद्धत आहे, तीच पाळा: चमचाभर शिरा ताटातच, दुसऱ्यांदा नाही.

रानमेवा
बसण्याचं राहिलं. टेबलावर पाय लोंबकळले की मूल चुळबुळ करतं. पायाखाली स्टूल द्या, नाहीतर खाली मांडी घालून बसवा. पळत्या मुलामागे ताट घेऊन फिरू नका, घास घशात अडकू शकतो. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं पाच वर्षांपर्यंत नकोतच. दाण्याचं कूट चालेल, द्राक्षं उभी चिरून.

वजन उतरायला लागलं, गिळताना ठसका लागतो, माती-खडू खातो, किंवा मोजकेच पदार्थ खातो आणि तेही एकेक करून सोडतोय, असं दिसलं तर घरचे नियम बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.