पंपाला मीटर बसवावा का?

शिवारवाट (बेळगाव)
एम.ए.च्या प्रबंधासाठी सहा महिने शेतीपंपांच्या विजेवरचं संशोधन वाचतोय. आपल्याकडं कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या पंपांना करंट फुकट, पलीकडं महाराष्ट्रात, कागलला, २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंत. दोन्ही राज्यांत पुष्कळ पंपांना मीटर नाही. मग शेतीत गेलेली युनिटं अंदाजानं लिहिली जातात आणि लाईनमधली गळती, चोरी त्याच आकड्यात मुरते. दोष मात्र शेतकऱ्याच्या माथी. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५५ तर मीटरशिवाय वीजच देऊ नका म्हणतं. माझं मत सरळ आहे: मीटर बसवा, बिल मात्र लावू नका.

वेदगंगाकाठ (निपाणी भाग)
आज मीटर, उद्या बिल. एवढं कळायला एम.ए. लागत नाही बाळा. मोटारीला लागणारी थ्री फेज वीज रात्री दोनला येते, तेव्हा बॅटरी घेऊन पाटावर कोण जातं ते त्या संशोधनात आहे का? आणि फुकट विजेनं भूजल संपतं म्हणणारे तुमचे अभ्यास सगळे बोअरवाल्या भागातले. आम्ही नदीतनं उपसा करतो. भूजल संपलं म्हणून आम्हाला कशाला धरता?

शिवारवाट
काका, रात्रीचं पाणी पाजणं माझ्या बाबांनीही काढलंय, ते विसरलो नाही. पण नदीचं म्हणाल तर उन्हाळ्यात काळम्मावाडी धरणातनं पाणी सुटलं नाही की दूधगंगेचे बंधारे कोरडे पडतात आणि उपसाबंदी लागते. त्या वेळी कुणी किती उपसलं याचा पुरावा हातात असता, तर बंदी सरसकट लागली नसती.

भातवाडी (खानापूर)
मला दोघांचंही पटत नाही. आमच्याकडं पावसावरचं भात, मोटार असलेले हातावर मोजण्याएवढे. ज्याच्याकडं पाच एकर ऊस आणि १० एचपीचा पंप, त्याला सवलत मोठी. ज्याला पंपच नाही त्याला शून्य. त्याच वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणं सवलतीचे पैसे सरकारनं वीज कंपनीला आगाऊ द्यायचे असतात, म्हणजे ते माझ्याही करातनं जातात. मीटर आला तर निदान कुणाच्या वाट्याला किती ते तरी कळेल.

वेदगंगाकाठ
उसाला नावं ठेवू नका. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, कारखाने वीज करतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुष्काळात कर्नाटक सरकारनं त्याच कायद्याचं कलम ११ लावून राज्यातल्या उत्पादकांना वीज राज्यालाच द्या म्हणून सांगितलं, त्यात साखर कारखानेही होते. म्हणजे आमच्या उसाचीच वीज तुमच्या घरात.

भातवाडी
उसाला नाही अण्णा, हिशेब नसण्याला नाव ठेवतोय.

सौरपंप (चिकोडी)
गुजरातचं उदाहरण घ्या. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली. पाणी पाजून उरलेली वीज ग्रिडला विकायची. मीटर तिथं बिलासाठी नाही, पैसे मिळण्यासाठी आहे. मोटार बंद ठेवली की कमाई, म्हणून उपसा आपोआप कमी व्हावा, ही त्यामागची कल्पना.

वेदगंगाकाठ
सहा जणांवरनं साऱ्या तालुक्याचं धोरण ठरवू नका. त्यांना अनुदान मिळालेलं. आणि दिवसा फुकट सूर्य मिळाला तर माणूस शेजाऱ्यालाही पाणी विकणार, उपसा कमी कशाला होईल?

शिवारवाट
बरोबर आहे, शेजाऱ्याला पाणी विकणं धुंडीतही झालंय. म्हणून मी एक पाऊल मागं येतो. प्रत्येक मोटारीला नको, टीसीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, एक मीटर बसवू. कुणा एकाच्या नावावर बिल येणार नाही, पण त्या टीसीवरच्या सगळ्यांनी मिळून किती युनिटं ओढली ते त्यांना स्वतःलाच दिसेल. दिवसा थ्री फेज मागायला तोच आकडा कामाला येईल.

वेदगंगाकाठ
याचा विचार करता येईल. आकडा आधी आम्हाला दिसला पाहिजे, मग साहेबाला. आमच्या टीसीवर नऊ मोटारी आहेत. रविवारी ये, सगळ्यांना बोलावतो. आणि टीसीला मीटर मागायचा कागद मराठीत आण. इंग्रजीतला आणलास तर सही कुणी करणार नाही.