मदत हवी आहे: पाण्याचा रिपोर्ट आणि कढईतलं तेल

नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याजवळ आमचं साबुदाणा वड्याचं छोटं दुकान आहे. तपासणीनंतर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ची सुधारणा नोटीस (त्रुटी दूर करा म्हणून) आलीय. निदान १४ दिवस तरी मिळतातच, म्हणून धीर आहे. कामगारांची मेडिकल सर्टिफिकेटं होतील. अडलंय दोन गोष्टींवर.

बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट हवाय. छोट्या दुकानाचा नमुना घेणारी एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब इथं कोणती?

दुसरं, तेल. पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकायचं. सासूबाई फेस बघून सांगतात, आणि खरं सांगू, बहुतेक वेळा बरोबर सांगतात! पण अधिकाऱ्यांना आकडा लागतो. मीटर कुणी वापरतं का? दोघातिघांत मिळून घेतला तर परवडेल.