नीसमध्ये पाऊस लागला तर म्युझियम गाठायचं की पाऊस थांबायची वाट बघायची?

भटकभवानी:
दिवाळीच्या सुट्टीत दक्षिण फ्रान्सला जाणारी बरीच मंडळी आहेत आणि सगळ्यांना वाटतं नीस म्हणजे बारा महिने ऊन. तसं नाहीये हो. उन्हाळा कोरडा जातो पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच तिथले सगळ्यात पावसाचे महिने, म्हणजे नेमकी आपली सुट्टी. वर्षाचा पाऊस जवळपास पुण्याइतकाच, 700-750 मिमी, फक्त तो साठेक दिवसांत उरकतो, त्यामुळे आला की धो धो येतो. मग लोक हॉटेलात मोबाईल घेऊन बसतात नाहीतर मॉलमध्ये दिवस घालवतात आणि घरी येऊन सांगतात की पावसाने ट्रिपची वाट लावली.

माझं मत स्पष्ट आहे, पाऊस लागला की सरळ बस पकडून सिमिएच्या टेकडीवर जायचं. शगाल आणि मातीस या दोन्ही चित्रकारांची म्युझियमं तिथेच आहेत. शगालचं 1973 साली उघडलं तेव्हा तो स्वतः हयात होता, कुठलं चित्र कुठे लागणार हे त्यानेच ठरवलं. बायबलवरची 17 मोठ्ठी चित्रं आहेत, त्यातली पाच लालबुंद, वेगळ्या खोलीत. तिथे घाईत जाऊच नये, आणि कडक ऊन असताना माणूस तिथे घाईतच असतो कारण डोक्यात समुद्र असतो. मातीस तर नीसला 1917 च्या अखेरीस आला तेव्हा महिनाभर पाऊसच पाऊस, वैतागून निघायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने आभाळ स्वच्छ केलं, मग राहिला तो जवळपास जन्मभर. त्याने काढलेलं वादळातल्या नीसचं चित्रही आहे. पावसाळी नीस बघायला नको म्हणणाऱ्यांनी ते जरूर बघावं.

कोकणकडा:
अजिबात पटलं नाही. एक तर पाऊस आला की अख्खं शहर तुमच्यासारखाच विचार करतं, म्हणजे शगालच्या दारात छत्र्या घेऊन लाईन. दुसरं म्हणजे तिथला बराचसा पाऊस दोन-चार तासांचा असतो, कोकणासारखी आठवडाभराची झड नसते. तेवढा वेळ जुन्या गावातल्या गल्ल्यांत काढायचा, सोक्का खायचा (चण्याच्या पिठाचं जाडसर धिरडंच समजा, पण लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेलं, वर भरपूर मिरपूड, आणि गरमच खायचं, गार झालं की मजा गेली). शाकाहारी लोकांनी तर चुकवूच नये. आणि पाऊस थांबल्या थांबल्या किल्ल्याच्या टेकडीवर चढायचं. हवा धुऊन निघालेली असते, एका बाजूला सगळा किनारा आणि मागे डोंगर इतके जवळ दिसतात की बास. म्युझियमच्या आत बसलेल्याला हे कळणारही नाही. आपण मुंबईच्या पावसात लोकलने ऑफिस गाठणारी माणसं, थोडं भिजण्याचं काय एवढं?

रेनकोट:
शेवटच्या वाक्यासाठी मुद्दाम लॉगिन केलं. मुंबईचा पाऊस पाहिलाय म्हणून हा पाऊस कळतो असं समजू नका प्लीज. उन्हाळाभर तापलेला समुद्र, दक्षिणेकडून येणारी दमट हवा आणि किनाऱ्याला लागूनच उभे राहिलेले डोंगर, त्यामुळे शरदात ढग एकाच जागी अडकून कोसळतो. 3 ऑक्टोबर 2015 ला नीसजवळच्या कान, मांदलिय, बिओ या गावांच्या पट्ट्यात एका संध्याकाळी पुरात 20 माणसं गेली, त्यातली काही तर बेसमेंटमधून गाडी बाहेर काढायला गेलेली. 2020 च्या ऑक्टोबरात अलेक्स वादळाने नीसच्या मागच्या रोया आणि वेझुबी खोऱ्यांत रस्ते, पूल, घरं वाहून नेली. नद्या एरवी गोटे भरलेल्या नाल्यासारख्या दिसतात म्हणून लोक फसतात. खुद्द नीसमधली पायों नदी बागेखालून, शहराखालून वाहते, माहीत नसेल तर दिसतसुद्धा नाही.

सकाळी उठल्यावर आधी मेतेओ-फ्रान्सचा (तिथलं हवामान खातं) इशाऱ्यांचा नकाशा बघा. पिवळा असेल तर जपून हिंडा. ऑरेंज असेल तर नदीकाठ, समुद्रकाठचे रस्ते आणि डोंगरातली गावं रद्द. लाल असेल तर कुठेही जायचं नाही, हॉटेलात बसणाऱ्याला त्या दिवशी नावं ठेवू नका.

कोकणकडा:
ऑरेंज-लालच्या दिवशी घरात बसा हे शंभर टक्के मान्य, मी साध्या पावसाबद्दल बोलत होतो. साध्या पावसात मात्र मी बाहेरच.

दोन_पोरांची_आई:
तुम्ही सगळे एकटे किंवा जोडीने फिरणारे दिसताय. सहा आणि नऊ वर्षांच्या पोरांना शगालसमोर दोन तास उभं करून दाखवा बरं! आमच्यासाठी पावसाचा दिवस म्हणजे मोनाकोचं ओशनोग्राफिक म्युझियम. नीसहून ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं आणि स्टेशनच डोंगराच्या आत. राजे आल्बेर पहिले यांनी बांधून 1910 साली उघडलेलं आहे, त्यांना समुद्राच्या शास्त्राचं खरंखुरं वेड होतं. पुढे समुद्रसंशोधक कुस्तो तिथे अनेक वर्षं डायरेक्टर होते. खाली मत्स्यालय, वर छताला टांगलेले देवमाशाचे सांगाडे, मुलं हलायला तयार नसतात. तिकीट स्वस्त नाही हे खरं, पण दिवस सत्कारणी लागतो.

भटकभवानी:
@दोन_पोरांची_आई मुलांसाठी ठीक. मोठ्यांसाठी मी त्याऐवजी ग्रास हे गाव सुचवेन, अत्तराच्या जुन्या फॅक्टरीत गाईडसह फुकट फिरवतात आणि गावात अत्तराचं मोठं म्युझियमही आहे. ग्रासच्या पट्ट्यातली अत्तराची कला 2018 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फक्त स्टेशन खाली आणि गाव वर, पावसात चढायला लागतं.

आणि हो, शगाल-मातीस दोन्ही मंगळवारी बंद असतात, वार बघून ठरवा.

कोकणकडा:
म्हणजे मंगळवारी पाऊस पडला की तुमचा प्लॅन गेलाच ना? हेच म्हणतोय मी. एवढं वार बघून पाऊस कुठे येतो?

भटकभवानी:
मंगळवारी जवळचं आन्तिब गाव! पिकासोचं म्युझियम सोमवारी बंद असतं, मंगळवारी उघडं. समुद्रावर उभा असलेला जुना किल्ला आहे, 1946 मध्ये तिथे त्याला स्टुडिओ म्हणून जागा मिळाली. युद्ध नुकतंच संपलेलं, धड कॅनव्हास मिळेना, तर बोटींना लावायचा रंग घेऊन प्लायवूडवर चित्रं काढली. मासे, समुद्री साळू, बकऱ्या, नाचणारी माणसं. गाव सोडताना बरीचशी तिथेच ठेवून गेला. खिडकीबाहेर खवळलेला समुद्र आणि आत तीच चित्रं, याला वाया गेलेला दिवस कोण म्हणेल?

रेनकोट:
आन्तिबचं चांगलंय. स्टेशनपासून पंधराएक मिनिटं चालावं लागतं आणि तटबंदीवर वाऱ्याने छत्री उलटी होते, त्यामुळे टोपीचं जॅकेट घ्या. लाटा उसळत असतील तर किनाऱ्याचा रस्ता सोडून बाजारातून जा.