क्रूझच्या केबिनमध्ये सामान कसं मावलं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत क्रूझची चौकशी सुरू होते. बुफेत काय होतं, शो कसा होता, फोटो कुठे छान येतात, हे सगळे हौसेनं सांगतात. पण चार माणसं, चार बॅगा आणि बिनखिडकीची आतली केबिन, यात पाय कुठे ठेवायचा ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. याद्या नकोत, त्या नेटवर ढिगानं आहेत. तुम्ही काय केलंत, काय कामाला आलं, कशाचं उगाच ओझं झालं, ते लिहा.

सुरुवात मीच करते. आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई, मुंबई-गोवा. बॅलार्ड पियरवरून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज १९९० साली बांधलेलं आहे, आणि त्या काळातल्या जहाजांवर केबिन म्हणजे झोपण्यापुरती जागा. तिसरा-चौथा बिछाना वरून खाली उतरवतात, त्याला शिडी लावली की चालायची वाट संपली. त्यामुळे बॅगा आल्या आल्या आम्ही ठरवलं की जमिनीवर चपलांशिवाय काही दिसता कामा नये. बॅग रिकामी करायची आणि थेट पलंगाखाली सरकवायची. पलंगाखाली चांगली ऐसपैस जागा असते, पण चादर खालपर्यंत लोंबत असल्यानं बऱ्याच जणांच्या ते लक्षातच येत नाही. लहान बॅग मोठीच्या पोटात घातली. कडक कवचाची बॅग मधोमध दुभंगते, तिला उघडायला दुप्पट जागा लागते. वरून चेन असलेली कापडी बॅग बरी.

खरी करामत सासूबाईंची. काठापदराच्या साड्या ठेवायच्या चेनवाल्या पारदर्शक पिशव्या प्रत्येकीच्या कपाटात असतातच. त्यांनी निघण्याआधी एका माणसाचा एका दिवसाचा पूर्ण जोड एका पिशवीत घातला. ड्रेस, आतले कपडे, रुमाल, मोजे, सगळं. वर कागदाची चिठ्ठी. सकाळी फक्त पिशवी उचलायची, रात्री मळके कपडे त्याच पिशवीत उलटे करून परत. पॅकिंग क्यूब म्हणून जे विकतात ते हेच, पण आरपार दिसत नाही. "आई, माझा निळा टॉप कुठाय?" हा प्रश्न प्रवासभर ऐकू आला नाही.

आता तुम्ही लिहा.

नेरूळ

केबिनच्या भिंती लोखंडी असतात, सगळी गंमत तिथे आहे. वरून लाकडासारखा किंवा रंगीत थर असतो, आत पत्रा. आगीच्या नियमांमुळे जहाजावर घरासारखी प्लायवुडची पार्टिशनं नसतात. त्यामुळे चुंबकी हुक कुठेही लागतात. आम्ही वाशीला सेक्टर १७ मधून घेतले.

घेताना एक बघा. पाकिटावर जे वजन लिहिलेलं असतं ते चुंबक सरळ ओढून काढायला लागणारं वजन असतं. भिंतीवर पिशवी टांगली की ती खाली खेचते, आणि हुक घसरत घसरत जमिनीवर येतो. प्रत्यक्षात लिहिलेल्याच्या फार तर पाव वजन धरतो असं समजा. घरी फ्रिजच्या दारावर हुक लावून त्याला भरलेली पिशवी अडकवा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी जागेवर असेल तर तो हुक न्या. आमचे निम्मे या परीक्षेत नापास झाले.

हुकांवर टोप्या, पर्स, ओळखपत्राच्या दोऱ्या आणि एक कापडी कप्प्यांची पट्टी टांगली. त्या पट्टीत चष्मे, चार्जर, कंगवा, सनस्क्रीन. टेबल मोकळं राहिलं. केबिनचं कार्ड मात्र चुंबकापासून लांब ठेवा, पट्टीवालं कार्ड बिघडतं आणि मग रिसेप्शनच्या रांगेत उभं राहावं लागतं. विमानानं सिंगापूरला जाऊन तिथून जहाज पकडणार असाल तर चुंबक चेक-इनच्या बॅगेत टाका.

बाहेरून दारही लोखंडीच. सगळी दारं एकसारखी, कॉरिडॉर लांबच लांब. मुलानं कागदाचा छोटा आकाशकंदील करून चुंबकानं दाराला लावला. मग आजूबाजूचे लोकही "कंदिलाच्या पुढची तिसरी" असा पत्ता सांगायला लागले. सेलोटेप लावू नका, रंग निघाला तर बिल येतं.

कळवा

एक्स्टेन्शन बोर्ड चालतो का? आमच्याकडे पाच मोबाइल आहेत आणि प्रत्येकाला वाटतं आपला आधी चार्ज व्हावा.

खारघर

मी प्रवासी म्हणून लिहीत नाही, जहाजावर हाउसकीपिंगला आहे. कंपनी कोणती ते सोडा.

आधी कळव्याच्या ताईंना उत्तर. सर्ज प्रोटेक्टरवाला (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा) बोर्ड बहुतेक सगळ्या जहाजांवर बंद आहे, साध्या बोर्डालाही अनेक कंपन्या नाही म्हणतात. कारण आहे. घरी एक तार फेज आणि एक न्यूट्रल असते. जहाजावर बऱ्याचदा दोन्ही तारांत करंट असतो, आणि अशा जोडणीत सर्ज प्रोटेक्टर तापून पेटू शकतो. समुद्रात अग्निशमन दलाला फोन करून बोलावता येत नाही. चार-पाच यूएसबी खाचांचा एकच चार्जर आणा, तो चालतो. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, इलेक्ट्रिक किटली, मेणबत्ती हे स्कॅनिंगमध्ये काढून घेतात, उतरताना परत देतात. उदबत्तीचा पुडा आणि निरांजन घेऊन येणाऱ्या काकू हमखास भेटतात. त्यांना मी बॅटरीचा दिवा सुचवतो. थोड्या रागावतात, मग देवाला सांगून टाकतात.

तुम्ही ज्या केबिनला लहान म्हणता ती आम्हाला दिवाणखाना वाटते. आमच्या केबिनमध्ये एकावर एक दोन बंक, प्रत्येकाला एक पडदा, एक अरुंद कपाट, खिडकी नाही, आणि काँट्रॅक्ट महिनोन्‌महिन्यांचं. माझा पार्टनर रात्रपाळीला असला की मी दिवा न लावता कपडे शोधतो. म्हणून आमच्यात एक शिस्त असते. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, आणि ती अंधारात हाताला लागली पाहिजे. बूट कायम डाव्या कोपऱ्यात, युनिफॉर्म पहिल्या हँगरवर, टॉवेल पायथ्याशी. कोणी काही हलवलं तर भांडण.

दुसरं, जे लोळेल ते उभं ठेवू नका. पाण्याची बाटली, डिओ, काचेची परफ्यूमची बाटली रात्री जहाज डोललं की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारते. वारा वाढणार अशी घोषणा झाली तर बाटल्या बेसिनमध्ये आडव्या ठेवा, वर टॉवेल. रिकामे हँगर रात्रभर टकटक करतात, ते काढून खणात टाका किंवा मध्ये एक मोजा गुंडाळा. प्रवासी सकाळी येऊन सांगतात की भिंतीत काहीतरी बिघाड आहे. कपाट उघडलं की दोन हँगर निघतात.

तिसरं, स्टुअर्डला, म्हणजे तुमची केबिन सांभाळणाऱ्याला, पहिल्या दिवशीच सांगा. जोडलेला पलंग वेगळा करून हवा असेल, छोटं टेबल अडत असेल, मिनीबारमधल्या बाटल्या काढून औषधं ठेवायची असतील, जास्त हँगर हवे असतील, तर आम्ही करतो. शेवटच्या दिवशी तक्रार करून तुमचाही फायदा नाही आणि आमचाही.

आणि लाइफ जॅकेट केबिनच्या कपाटात असेल तर त्याच्यासमोर बॅगा रचू नका. जानेवारी २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळली, तेव्हा नव्यानं चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची सुरक्षेची कवायत व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या कवायत घ्यावीच लागते. त्या वेळात केबिनमध्ये सामान लावत बसणारे लोक आम्हाला दारं वाजवून बाहेर काढावे लागतात.

सीवूड्स

मी काही लावलं नाही. बॅग पलंगाखाली, दिवसभर डेकवर, रात्री फक्त झोपायला खाली. एवढे पैसे भरून हुक कुठे लावू याचा विचार करायचा? दोन जीन्स, चार टी-शर्ट. झालं.

(दोघंच असाल तर ठीक आहे. घरात दोन मुलं आणि एक सासूबाई असत्या तर तुमचा प्रतिसाद एवढा छोटा नसता. – धागाकर्ती)

वाशी

माझी आई सत्तरीपुढची, तिला झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं. अशा कुटुंबांसाठी लिहिते.

बुकिंग झाल्यावर लगेच कंपनीला ईमेल केलं की मशीन आणतोय, पलंगाजवळ प्लग लागेल आणि डिस्टिल्ड वॉटर लागेल. केबिनमधला प्लग बहुधा आरशाच्या टेबलाशी असतो, पलंगापासून लांब. त्यांनी त्यांचीच एक्स्टेन्शन वायर दिली आणि पाणी आणून ठेवलं. आयत्या वेळी मागितलं असतं तर धावपळ झाली असती.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा टॅग लावून ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला कधी संध्याकाळ होते. म्हणून आईच्या खांद्याला लावायच्या पिशवीत बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या, जवळचा चष्मा, ओळखपत्रं, एक गाऊन, दातांची डबी. मशीन माझ्या हातात. लहान मुलं असतील त्यांनी पोहायचे कपडेही हातातच ठेवा, पूल दुपारपासून चालू असतो आणि मुलं बॅगेची वाट बघत नाहीत.

आतली केबिन दिवा मालवला की इतकी काळोखी होते की हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही. त्यात बाथरूमला उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून चांगला वर उचललेला. आईसाठी मी बॅटरीवर चालणारा, हालचाल झाली की लागणारा छोटा दिवा नेला होता. पहिल्या रात्री तो भिंतीवर लावला तर कूस बदलली तरी उजेड पडायला लागला, कोणाला झोप नाही. मग उंबरठ्याच्या आतल्या अंगाला, जमिनीलगत ठेवला. पाय पुढे आला की तेवढाच उंबरठा उजळतो. घरी आल्यावर तोच दिवा आता आमच्या बाथरूमला आहे.

ऐरोली

चार मित्र, एक केबिन, एक बाथरूम. रात्रीच अंघोळीचे नंबर कागदावर लिहून आरशाला लावले. जो नंबर चुकवेल तो शेवटी. शॉवरचा पडदा अंगाला चिकटतो, त्याला इलाज सापडला नाही.

कपडे धुणाऱ्यांसाठी: टी-शर्ट पिळून झाला की कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळायचा आणि टॉवेलवर गुडघा ठेवून दाबायचं. मग शॉवरमध्ये ओढून काढायची दोरी असते तिच्यावर टाका, सकाळपर्यंत एसीच्या हवेत वाळतो. बाल्कनी असली तरी तिथे काही वाळत घालू नका, वाऱ्यानं उडतं आणि कंपनीही ओरडते. एकाची बर्म्युडा अरबी समुद्राला अर्पण झाली. माझी नाही.

नौपाडा

तुमच्या चर्चा वाचून मजा वाटते. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून कोकणशक्ती, कोकणसेवक या बोटींनी गावाला जायचो तेव्हा डेकवर सतरंजी अंथरायची आणि तिच्या चार कोपऱ्यांवर ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि आंब्याची रिकामी करंडी ठेवून हद्द आखायची. आमचे वडील रात्री ट्रंकेला पाय टेकवूनच झोपत. बंदर आलं की बोट लांब उभी राहायची, पडावात उतरायचं. जो सामान कमी घ्यायचा तो कोरडा उतरायचा.

पुढे रिटायर झाल्यावर कोचीहून लक्षद्वीपला एम. व्ही. कवरत्तीनं गेलो. अनोळखी माणसांबरोबर चार बर्थची केबिन. तिथेही तेच, बेटावर उतरायला जहाजातून लहान बोटीत जावं लागतं. त्यामुळे दिवसभराची पिशवी वेगळी, पाठीवरची, दोन्ही हात मोकळे. तोंड वळून बंद होणारी, पाणी न शिरणारी पिशवी घ्या. आणि मागे पट्टा असलेल्या चपला. स्लिपर बोटीत चढताना पायातून निसटते. ठाण्यात जांभळी नाक्यावर असल्या पिशव्या आणि चपला दोन्ही मिळतात, मॉलमध्ये जायची गरज नाही.

पाचपाखाडी

शेवटच्या रात्रीबद्दल कोणी लिहिलं नाही. मोठ्या बॅगा रात्रीच टॅग लावून केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि सकाळी त्या थेट टर्मिनलवर मिळतात. आमच्या शेजारच्या केबिनमधले गृहस्थ एकदम कामाचे. सगळं आवरून, सगळं भरून, रात्री दहाला बॅगा बाहेर. सकाळी नाश्त्याला चट्टेरीपट्टेरी नाइट-पँट आणि वर ब्लेझर. बायको चार टेबलं सोडून बसली होती.

म्हणजे सकाळचे कपडे, ब्रश, औषधं, ओळखपत्रं एका लहान पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी बॅगेत जाणार नाही अशा जागी. आम्ही पिशवी दाराच्या मुठीला अडकवली. गोव्याचे काजू आणि इतर खरेदी यांच्यासाठी जाताना एक घडी होणारी पिशवी न्या. खाण्याचं सांगायचं तर पाकीटबंद खाकरा-चिवडा बऱ्याचदा चालतो, घरी केलेलं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत. पुरणपोळ्या आधीच विचारून न्या, नाहीतर टर्मिनलवरच संपवाव्या लागतील.

कळवा

यूएसबीचा चार्जर घेतला. आता एकच शंका, बॅगा घेऊन सीएसएमटीपर्यंत लोकलनं जाता येईल का?

धागाकर्ती

ताई, सकाळी आठ ते अकरा अजिबात नको. त्यानंतरची वेळ मिळाली असेल आणि माणशी एकच बॅग असेल तर ठाण्याहून लोकल, सीएसएमटीला उतरून टॅक्सी, बॅलार्ड पियर जवळच आहे. सासूबाई बरोबर असतील तर सरळ गाडी करून ईस्टर्न फ्रीवेनं जा, तो पी. डीमेलो रोडवर उतरतो. उलवे-पनवेलच्या लोकांना अटल सेतूनं शिवडीला येऊन तोच फ्रीवे पकडता येतो. गेटवर हमाल बॅगा उतरवून घेतात, टॅग घरूनच छापून लावलेले बरे.